पाळण्यातलं लाकडाचं लेकरू

मालक, म्हंजी माजा नवरा, पलटणीत गेले तवा आमच्या कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाला दोन हात कमी पडले. मामंजी म्हंजी माजं सासरे, त्येंनी माज्याकडं बघितलं आन् म्हनाले, "हिला उभी करा." मी तिसरीपातूर शाळा शिकल्याली, बाहुली कवा हातात धरली न्हवती, आन् कडंवर पोरगी, तिला अजून बसायला बी येत न्हवतं.

शिकवनं असं, की दोनी हात डोस्क्याच्या वर धरायचे, बोटास्नी दोरं, खाली बाहुली. बाहुली चालली पायजे, उडली न्हाई पायजे. तिचा पाय भुईवरनं सुटला की मामंजी नडगीवर काठी मारायचे, माज्या नडगीवर, बाहुलीच्या न्हाई, बाहुलीला रंग दिल्याला असतो. खांद्यात मुंग्या यायच्या, मी म्हनायची, "मामंजी, जरा हात खाली घिऊ का?" तर म्हनायचे, "घी की. मग लेकीला दगड चार खायाला." आत्याबाई, माजी सासू, झांजा वाजवून गानी म्हनायच्या, त्या हासायच्या. माहेरी आई न्हवती, भाऊ म्हनाला, दिल्या घरी ऱ्हा.

बाजाराच्या दिशी मामंजी हलगी घिऊन गावभर दवंडी देत हिंडायचे, पन मानसं येत न्हवती. रामाचा खेळ समद्यांनी बघितल्याला. म्हनून त्येंनी नवा खेळ बांधला. शिपाई लढाईला जातो, त्याची बायकू लेकराला पाळन्यात घालती. साताऱ्याकडं घरटी एक गडी लढाईवर, तवा बायका येतील असा त्येंचा हिशेब. शिपाई मामंजींच्या हातात, बायकू माज्या हातात, पोरगी पडद्यामागं माज्या पायाशी फाटक्या लुगड्याच्या धडप्यावर निजवल्याली.

मलकापुरात पयला खेळ लावला आन् बाहुलीनं पाळना हलवला त्याच येळंला पोरगी रडली. भुकंनं रडली असंल. मी घाबरले, आता काठी. पन पडद्याच्या पल्याड एक म्हातारी म्हनाली, "आगं बया, लाकूड रडतंय," आन् तिला हुंदका फुटला, मग दुसरीला, आन् खेळ सरल्यावर बायकांनी वंजळी भरभरून जवारी घातली. दुसऱ्या गावात मामंजींची दवंडी बदलली. "लाकडाचं लेकरू रडतंय हो, या बघाया."

आता लेकरू रोज कसं रडंल येळंवर? शिपाई लढाईला गेला की मामंजींचं हात मोकळं व्हायचं. ते खाली वाकायचे आन् पोरीच्या मांडीला चिमटा घ्यायचे. माजे हात वर, दोरात अडकल्यालं, सोडलं तर बाहुली धाडदिशी पडनार, मानसं उठून जानार, मी नुसती वरनं बघायची. मांडी काळीनिळी झाल्याली. मी आत्याबाईस्नी दावली तर म्हनाल्या, "तुज्या नवऱ्याला बी असंच चिमटं काडलं त्येंनी, रावनाच्या खेळात रडाया पोर लागायचं. मेला का तो? पलटणीत घेतला की सायबानं, छाती मोजून."

मग मला सुचलं की आपुनच रडावं, तिच्यावानी. कपडे धुवाया नदीवर गेले की धोंड्याआड बसून करून बघायची. आदी मांजर निघायचं गळ्यातनं. मग पोरगी रडंल तवा नीट ऐकू लागले, आदी ती दम धरती, मग बारीक काडती, मग फुटती. एकदा तसं निघालं तर घाटावरच्या बायका धावत आल्या. "कुनाचं पोर पडलं गं पान्यात?" आन् मी एकलीच बसल्याली. "रांडं, असली थट्टा करत्यात का?" म्हनून एकीनं मला वली चोळी फेकून मारली. पन मला लय बरं वाटलं.

तासगावला शिपाई गेला, मामंजी वाकाया लागले, आन् त्येंचा हात पोचायच्या आदी मी रडले. पोरगी गप पडून माज्याकडं बघत ऱ्हायली. भायेर बायका मुसमुसाया लागल्या. मामंजी तसंच वाकल्यालं, मग ताठ झाले.

खेळ सरल्यावर म्हनाले, "ह्ये कवा शिकलीस?"

"घाटावर."

"लय झाक."

लगीन झाल्यापास्नं त्येंनी मला पयल्यांदा चांगलं म्हनलं. मी पोरीला पोटाशी धरलं, म्हनलं सुटलीस बाई. सकाळी उठून बघते तर मामंजी पटाशीनं लाकूड तासत बसल्यालं, तळहाताएवढं दुसरं लेकरू. मी इचारलं ह्ये कशाला.

"जुळी दावू आता," म्हनाले. "एक तू रड, एक ती रडंल. एक लाकूड रडतंय त्ये आता जुनं झालं."

आत्याबाई म्हनाल्या, "बघ गं, तुज्या गुनाचं चीज झालं."

सांगलीच्या बाजारात जुळ्यांची दवंडी फिरली आन् पयल्यांदा बसाया जागा पुरली न्हाई. शिपाई गेला. मी रडाया लागले, हात वर, नजर खाली. मामंजी वाकले, त्येंचा हात म्होरं आला. पोरीनं त्यो हात बघितला. आदी दम धरला, मग बारीक काडलं, आन् ते शिवायच्या आदीच फुटली. दोन्ही लेकरं रडाया लागली, एक माजं, एक तिचं. मामंजींनी हात मागं घेतला, कमरंवर ठिवला आन् हळूच माज्या कानाशी म्हनाले, "शिकली बघ. तुज्यापरास बिगीनं शिकली, तुला काठी लागली."

खेळ सरला. मी दोरं सोडून तिला उचाललं, पदराखाली घेतलं, जरा गप झाली. मामंजींस्नी तान लागल्याली, माज्या मागं पान्याचा तांब्या हुता, त्यो घ्यायला त्येंनी हात लांबवला, तशी तिनं पदरातनं तोंड काडलं आन् परत सुरू केलं, मांडी आकसून घिऊन. पडद्याभायेर बायका उठाया लागल्या हुत्या.

"आगं थांब," त्यातली एक म्हनाली, "अजून रडतंय बघ."

आन् त्या परत खाली बसल्या.