सिरोंच्याच्या बाईचा मोर

कोर्टाजवळच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात पडदेवाले भाऊ आले की आधी भिंतीवर बोट फिरवतात, रंग धरेल की नाही ते पाहतात आणि मगच बसतात. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे त्यांनी जन्मभर रंगवले आहेत.

एका हॉटेलवाल्याने या भागातल्या चित्रकारांचे पडदे न विचारता आपल्या भिंतींवर छापले. सगळ्यांच्या वतीने एकच दावा लावायचं ठरलं आणि पहिलं नाव भाऊंचं आलं. सह्यांच्या दिवशी चित्रकारांच्या गर्दीने दुकानाचं लग्नघर झालं होतं.

दावा चालवणाऱ्या वकीलसाहेबांनी हॉटेलच्या भिंतीवर छापलेल्या मोराचा फोटो पुढे केला. "हा सगळ्यात मोठा पुरावा. भाऊ, तुमचाच ना?"

"माहा नाई. सिरोंच्याच्या बाईचा हाये. तेबी पडदे रंगवते."

"दावा सगळ्यांचाच आहे. करा सही."

"तिले कोनी विचारलं? हॉटेलवाल्यानं नाई, अन् आपनबी नाई. मी आनतो तिले."

भाऊ तसेच बसस्टँडवर गेले; सिरोंचा पार तेलंगणाच्या सीमेवर. तिसऱ्या दिवशी बाईंना घेऊनच आले. बाईंनी फोटो पाहिला आणि त्यांचा आवाज चढला.

"शेपूट कुठं आहे? माझ्या मोराची शेपूट कापली यांनी. हे लिहा आधी."

आमच्यापैकी कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. वकीलसाहेबांनी मला नवीन परिच्छेद सांगायला घेतला.

भाऊ खुर्चीवरून उठलेच. "पाह्यलं? हे आपल्याले कुठी माहीत होतं?"

बाईंनी दाव्यावर तेलुगूत सही केली.