मोहाखालचा पाचोळा

आज सकाळी मोहाच्या फुलांचा वास आला आणि आईचं एक बोलणं आठवलं.

तेव्हा मी ऐतिहासिक मालिकांच्या दृश्यांतले विजेचे खांब, मोबाइलचे टॉवर कॉम्प्युटरवर पुसायचं काम करायचो. पुसलेलं कुणाला कळता कामा नये, एवढंच आमचं कौशल्य. एकदा आमच्या गावाजवळच्या, तानसा तलावाकडच्या माळावरचं दृश्य आलं. तिथला खांब झाकायला मी आमच्या परसातला मोह उभा केला, खाली फुलांचा सडाही पाडला. दिग्दर्शकालासुद्धा शंका आली नाही.

तो भाग बघायला मी मुद्दाम घरी आलो. आई टीव्हीजवळ सरकली.

"आपला मोह हाय ना रे तो? पन खाली पाचोळा तसाच? फुलं येचायची तर ती पडायच्या आदी कोनी झाडला नाय?"

"आई, तेवढं कोण बघतंय?" मी वैतागलो.

"मंग त्या गावात कोन ऱ्हात नसंल," ती शांतपणे म्हणाली.

आज परसात गेलो. आई गेल्यानंतरचा हा पहिलाच बहर. फुलं पाचोळ्यात पडून काळी पडली होती. झाडावं म्हटलं, तर ती खराटा कुठे ठेवायची, हेही मला ठाऊक नव्हतं.