खुर्चीवाला की टाकीवाला

चष्मेवाला आयुष्यभर कशाला ना कशाला भीतच आला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. याच्यापाठी ब्रह्मराक्षसाचं अख्खं बिऱ्हाड होतं. भिंगाचं माप तो तीनदा घ्यायचा. दुकानाचं कुलूप ओढून बघायला अर्ध्या रस्त्यातून परत यायचा. लिफ्टमध्ये तर त्याने कधी पाऊलच ठेवलं नव्हतं. लोक दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात. याचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी फुंकणं आपलं चालूच.

एका बाबतीत मात्र तो कुणाच्या बापाला भीत नसे. एका जुन्या ब्रिटिश रॉक बँडचा तो भक्त होता. बँड मोडून जमाना झाला होता, पण मागे नऊ अल्बम ठेवून गेला होता आणि त्यातला सर्वांत चांगला कोणता, याचं भांडणही. तिसऱ्याच्या कव्हरवर ओसाड किनाऱ्यावरची रिकामी खुर्ची, सहाव्याच्या कव्हरवर गच्चीवरची गंजकी पाण्याची टाकी. खरी नावं लांबलचक होती, म्हणून चाहत्यांनी त्यांना खुर्चीवाला आणि टाकीवाला करून टाकलं. चष्मेवाला खुर्चीवाल्याच्या बाजूचा.

टाकीवाल्याच्या बाजूने होता लिफ्टवाला, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. तीस वर्षांपूर्वी तो चष्मा करायला आला आणि काउंटरला टेकून टाकीवाल्यातलं एक गाणं शिट्टीवर वाजवायला लागला. चष्मेवाला भिंगाची कड घासत होता. मान वर न करता म्हणाला, "चाल बरी आहे. पण खुर्चीवाल्याची सर नाही." त्या दिवशी चष्मा तासाभरात झाला आणि गिऱ्हाईक संध्याकाळी उठलं.

मग दर रविवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं उघडायचं आणि आत पाच-सहा जण भांडायचे. एकाची बदली झाली, एकाचं लग्न झालं, एकाचा रॉकवरचा जीवच उडाला. शेवटी दोघं उरले. दोघांना तेवढे पुरत होते.

"टाकीवाल्यात आवाज कसा घुमतो बघ, माइकच टाकीत सोडलाय त्यांनी," लिफ्टवाला म्हणायचा.

"घुमणारच. रिकाम्या भांड्यातून दुसरं काय येणार?"

"आणि तुझ्या खुर्चीवाल्यात, तिसऱ्या गाण्यात, ड्रमरचं स्टूल कुरकुरतं ते?"

"ते तालात कुरकुरतं."

तीस वर्षांत दोघांपैकी एकही जण तसूभर हलला नव्हता. मित्र म्हणावा तर असा, अशी चष्मेवाल्याची समजूत होती. ज्याच्यावर ओरडताना भीती वाटत नाही असा तो जगातला एकच माणूस.

आणि मग तो रविवार आला. लिफ्टवाला तावातावाने बोलत होता, "अरे, टाकीवाल्यात त्या... त्या बडवणाऱ्याने..." आणि अडकला. ड्रमर हा शब्दच त्याला सापडेना. चष्मेवाल्याने टाळी वाजवली. "बोलती बंद. मान्य कर की हरलास." लिफ्टवाला हसला, कपाळ चोळत घरी गेला. दोन महिन्यांनी तपासणीत त्याच्या मेंदूत डाव्या बाजूला गाठ निघाली, लिंबाएवढी. माणसाचं बोलणं जिथून निघतं, अगदी त्या जागेला चिकटून. चष्मेवाल्याने त्या दिवशी वाजवलेली टाळी त्याच्याच कानात बसली, ती निघेना.

डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करताना पेशंटला मध्ये जागं करावं लागेल. तो बोलत राहिला म्हणजे हत्यार योग्य जागी आहे. बोलणं बिघडलं, की तिथून मागे फिरायचं. बोलणं तपासणाऱ्या एक मॅडम होत्या. चित्रं दाखवून नावं विचारायचं काम त्यांचं. पण त्या म्हणाल्या, "चित्रं ओळखणं सोपं असतं. मला त्यांचं भरभर, भांडल्यासारखं बोलणं हवंय. घरात ते कुणाशी असं बोलतात?"

लिफ्टवाल्याच्या बायकोने चष्मेवाल्याकडे बघितलं. "भावजी, माझ्याशी ते दिवसाला दहा वाक्यं बोलतात, त्यातली चार जेवणाची. तुम्हीच बसा."

"वहिनी, मला रक्त बघवत नाही."

"रक्त पडद्यापलीकडे असतं," मॅडम म्हणाल्या. "अलीकडे फक्त त्यांचा चेहरा. मला त्या बँडमधलं काही कळत नाही. ते चुकीचं बोलले तर मला कळणार नाही, तुम्हाला कळेल. काही खटकलं की 'थांबा' म्हणायचं. उशीर झाला तर त्यांची वाचा जाईल. उगाचच थांबवत राहिलात तर गाठ आत राहील."

चष्मेवाल्याची पाचावर धारण बसली. अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीपायी तो अख्खं भिंग फेकून द्यायचा, पण भिंग दुसरं आणता यायचं. त्या आठवड्यात त्याने दोन गिऱ्हाइकांची डावी-उजवी भिंगं उलटी बसवली. रात्री झोप नाही, घशाखाली घास नाही. नाही म्हणून सांगावं असं त्याला रोज वाटलं आणि नाही म्हणायचीही त्याला भीती वाटली.

ऑपरेशनच्या दिवशी तो पाच मजले जिन्याने चढला. हिरवा गाऊन आणि टोपी घालून आत गेला. थंडगार खोली. हिरव्या कापडाचा आडोसा, त्याच्या पलीकडे डॉक्टर, आणि अलीकडे उशीवर लिफ्टवाल्याचा चेहरा, चष्म्याशिवाय, कोरड्या ओठांचा. कुठलंतरी यंत्र एका लयीत टिकटिकत होतं.

लिफ्टवाल्याने डोळे उघडले. "लिफ्टने आलास?"

"जिन्याने."

"बरं केलंस. इथली तिसऱ्या मजल्यावर कुरकुरते."

मॅडमनी खूण केली. चष्मेवाल्याने सुरुवात केली. "खुर्चीवाला पहिल्या गाण्यापासून एकसंध आहे. तुझ्या टाकीवाल्यात दुसरी बाजू नुसती भरताड."

"भरताड?" लिफ्टवाला म्हणाला. आवाज बारीक, पण शब्द धड. "दुसऱ्या बाजूचं पाचवं गाणं ऐक आणि मग बोल. त्यात बासरी येते ती..."

गाडी रुळावर आली. चष्मेवाला एकेक शब्द भिंगासारखा उजेडात धरून तपासत होता. बासरी बरोबर. पाचवं बरोबर. पलीकडे काहीतरी हलकेच खरडल्याचा आवाज यायचा आणि पुढचा शब्द तो दुप्पट निरखून बघायचा. पाऊण तास असाच गेला.

मग लिफ्टवाल्याचा आवाज उतरला. वर बघत हळूच म्हणाला, "जाऊ दे. खुर्चीवालाच भारी. तुझंच बरोबर होतं."

"थांबा," चष्मेवाला ओरडला.

सगळे थांबले. पलीकडून डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?"

"बिघडलंय काहीतरी. खुर्चीवाला भारी म्हणाला. तीस वर्षांत कधी नाही म्हणाला."

मॅडमनी भराभर चित्रं दाखवली. कात्री, लिफ्टवाला म्हणाला. घड्याळ. जिना. छत्री. सगळं बिनचूक. मग त्यांनी विचारलं, "मग असं का म्हणालात?"

लिफ्टवाल्याच्या डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर उतरलं. "म्हटलं, नंतर बोलता आलं नाही तर. याला एकदा जिंकल्यासारखं वाटू दे."

इतका वेळ चष्मेवाल्याला वाटत होतं, भिण्याचा ठेका आपल्या एकट्याकडे आहे. रात्री-अपरात्री दोरावर लोंबकळून लिफ्ट सोडवणारा हा माणूस, तोसुद्धा भ्यायला होता, आणि भीतीपोटी निरोपाची भेट देऊन मोकळा झाला होता. चष्मेवाल्याला आधी रडू आलं आणि मग भयंकर राग आला.

"मागे घे," तो म्हणाला. "मला फुकटचं नकोय. शब्द मागे घे आणि भांड."

"पुन्हा थांबवायच्या आधी जरा खात्री करा," डॉक्टर पलीकडून म्हणाले, शांतपणेच. पण ते वाक्य चष्मेवाल्याच्या वर्मी लागलं. एकदा चुकलो. आता पुन्हा चुकलो तर गाठ आत राहणार.

"बरं, घेतला मागे," लिफ्टवाला म्हणाला. "टाकीवालाच. ते घुमणं दुसरीकडे कुठे आहे? त्यांनी एक माइक आत सोडला होता, त्या... त्या खिडकीत."

खिडकीत? चष्मेवाला थबकला. टाकीत म्हणायचं असेल. की मुद्दाम म्हणाला? आणखी एखादी भेट, आणखी एखादी थट्टा? मॅडमच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं; त्यांच्या लेखी माइक खिडकीतही सोडला असेल. खात्री करा, डॉक्टर म्हणाले होते. पण मागच्या वेळी हा असाच अडकला होता आणि आपण टाळी वाजवली होती.

"थांबा," तो म्हणाला. या वेळी आवाज फुटलाच नाही, म्हणून त्याने मॅडमचा हात धरून पुन्हा सांगितलं. "थांबा. टाकी म्हणायचं होतं त्याला."

मॅडमनी छत्रीचं चित्र धरलं. लिफ्टवाल्याने ओठ हलवले, शब्द आला नाही. पलीकडे हत्यार ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज झाला. "इथून पुढे जायचं नाही," डॉक्टर म्हणाले. नखाएवढा तुकडा आत राहिला. त्यासाठी औषधं घ्यावी लागणार होती, दर सहा महिन्यांनी तपासणी. वाचेचं काय, ते सूज उतरल्यावर कळेल असं त्यांनी सांगितलं.

सूज उतरेना. एक दिवस गेला, दोन गेले, लिफ्टवाला नुसता बघायचा. चष्मेवाल्याने दुकान उघडलंच नाही. मी एक शब्द उशिरा बोललो, मी खिडकीवर विचार करत बसलो, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. वहिनींनी त्याला डबा दिला, तोही त्याने तसाच परत आणून दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पाच मजले चढून वर आला, तर वहिनी दारातच उभ्या, पदर तोंडाशी.

"भावजी, आत या. मघापासून काहीतरी बोलतायत. तेच तेच बोलतायत. बरोबर आहे की बरळतायत, मला काही कळत नाही. तुम्ही ऐका."

चष्मेवाला खाटेशी वाकला. लिफ्टवाला त्याच्याकडे बघत होता. मग एकेक अक्षर जिना चढल्यासारखं वर आणत तो म्हणाला, "टा... टाकीवाला. टाकीवालाच भारी."

चष्मेवाल्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. तरी त्याला काही नीट दिसेना.

"काय हो भावजी?" वहिनींनी विचारलं. "बरोबर बोलतायत ना?"

"नाही, वहिनी," तो म्हणाला. "साफ चूक बोलतोय. तीस वर्षं बोलतोय तेच."