भाऊजींचा एकुलता एक लॅटिन शब्द

माझ्या नवऱ्याच्या मावसभावाइतका लॅटिन भाषेचा छळ साऱ्या प्रवराकाठी कुणी केला नसेल, आणि या भाऊजींना लॅटिन शब्द येतो फक्त एक. तो त्यांना भेळीच्या कागदावर सापडला. कागद कुठल्याशा जुन्या शब्दकोशाचा. बाकी सगळं तेलात बुडालेलं, 'नारारे' तेवढा कोरडा. नारारे म्हणजे गोष्ट सांगणे, आणि त्याच्या मुळाशी जो शब्द आहे त्याचा अर्थ जाणणारा. झालं. ज्याला ठाऊक त्यानंच सांगावं, असा कायदा भाऊजींनी आमच्या कोल्हारात लागू केला. बायको म्हणाली, "दूध उतू चाललं," की हे विचारणार, "तू सवता पाह्यलं का?" मग चष्मा शोधून बघायला जाईपर्यंत पातेलं रिकामं. टीव्हीवर राजूरला पाऊस सांगितला, तर राजूरच्या एका दुकानदाराला फोन करून त्याला अंगणात उभं करतात. स्थळ घेऊन आलेला मध्यस्थ म्हणाला, मुलगी भाकरी छान करते. भाऊजी आधी पाच भाकरी जेवले आणि मग म्हणाले, "आता बोला." कीर्तनातसुद्धा उठून विचारलं, "महाराज, रावनाची तोंडं तुमी मोजली का?" महाराज आता भाऊजी परगावी असतील तीच तारीख देतात.

सासूबाईंच्या दहाव्याला घाटावर भाषणं सुरू झाली. पहिल्याच पुढाऱ्यानं त्यांना शांत, मितभाषी माउली करून टाकलं. सासूबाईंचा आवाज नदीपल्याड जायचा. चौतीस वर्षं आम्ही एका चुलीवर भांडलो. त्यांना मी आवडत होते की नुसती सोसत होत्या, ते मला कधी कळलं नाही, आणि आता तर कुणा दुसऱ्याच बाईला निरोप चालला होता.

भाऊजी उठले. "सायेब, तुमी मावशीला वळखत हुता का?"

"तसं प्रत्यक्ष नाही."

"मग बसा." माईक माझ्या हातात आला. "वहिनी, नारारे."

चार माणसांत मला माझं नावही धड सांगता येत नाही. कसंबसं म्हणाले, "त्या लई भांडायच्या. मी त्यांना आवडायचे का, ते मला ठाऊक न्हाई." आणि माईक परत दिला.

"ते मला ठाऊक हाय," भाऊजी म्हणाले. "तुमी माहेरी गेल्या की मावशी तुमच्याच ताटात जेवायची. मी समोर बसून पाह्यलंय."

"मग इतकी वर्षं सांगितलं का न्हाई, भाऊजी?"

"तिनंच बजावलं हुतं. म्हनली, सांगू नको, डोक्यावर बसंल."

सगळा घाट हसला. मीही हसले. मग माझं ते काठाला पोचा आलेलं ताट डोळ्यांपुढे आलं, आणि पुढचं भाषण कुणी केलं ते मला ऐकूच आलं नाही.