मायाप्पाचा शेवटचा खंदक

माळशिरसकडचा मायाप्पा धनगर मॅट्रिकला दोनदा आपटला, तो इंग्रजीतच. वय तेहेतीस. १९१४च्या मोठ्या लढाईत पलटणीबरोबर इराकात बसऱ्याकडं खंदकांतून लढून आलेला हा गडी सोलापुरातल्या एका हायस्कुलात शिपाई होता. दिवसभर शाळेची कामं उरकायची आणि संध्याकाळी शाळेतल्याच मुकुंद मास्तरांपुढे पुस्तक उघडून बसायचं. १९२४ साली शाळेत कारकुनाची जागा निघाली, पण तिला मॅट्रिक पास लागे. हेडमास्तरांनी ती निकालापर्यंत त्याच्यासाठी अडवून धरली, पण त्यापुढे एक दिवसही थांबणार नाही, असं बजावलं.

मास्तर त्याच्याकडून इंग्रजी वाक्प्रचार घोकून घेत. एके दिवशी 'लास्ट डिच एफर्ट' आला. डिच म्हणजे खड्डा, तेव्हा मरता मरता केलेली धडपड, असा अर्थ मास्तरांनी सांगितला. मायाप्पा जरा घुटमळला.

"मास्तर, ह्यो खड्डा न्हाय, खंदक हाय," तो म्हणाला. "म्होरला गेला की मागल्यात जायचं. त्यो बी गेला की त्याच्या मागल्यात. शेवटल्याच्या मागं कायच नसतं. तितं माणूस मरायसाठी न्हाय, टिकायसाठी झुंजतो."

मास्तरांनी वहीतला आपला अर्थ खोडून मायाप्पाचा लिहून घेतला.

परीक्षा पुण्याला होती. इंग्रजीचा पेपर सोडवून झाला म्हणून मायाप्पानं टाक खाली ठेवला आणि सहज प्रश्नपत्रिका उलटली. मागच्या बाजूला भाषांतराचा अख्खा प्रश्न, आणि उरली होती वीस मिनिटं. दोन्ही खेपांना भाषांतरानंच त्याला बुडवलं होतं. पण मागं सरकायला आता जागाच नव्हती. कच्चं न लिहिता तो सरळ लिहीत सुटला. अवघड शब्द आठवेना तिथं साधा घातला, पण थांबला म्हणून नाही. शेवटचा पूर्णविराम दिला न दिला तोच पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका उचलली.

निकालाचं वर्तमानपत्र घेऊन मुकुंद मास्तर घामाघूम होऊन शाळेत आले. मायाप्पानं आपला नंबर बोट ठेवून तीनदा वाचला. तोवर बातमी त्याच्या खोलीवर पोचली होती. त्याची बायको चिमाबाई पदर सावरत तडक शाळेच्या व्हरांड्यात आली. हेडमास्तर त्याचा हात हातात घेऊन उभे होते, मुलं दाटीवाटीनं बघत होती. एरवी चारचौघांत नवऱ्याशी शब्दही न बोलणाऱ्या त्या बाईनं कुणाकडं न पाहता पुढं होऊन गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला.