लारीवरचा रोजचा शब्द

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. लूमखाली सुताचे तुकडे साचतात तसे ते साचतात, आणि झाडायला घेतलं की कळतं, अरे, एवढे झाले!

सुरतेजवळ कडोदऱ्याला आम्ही लूम चालवतो. जेवणाच्या सुट्टीत रमीलाबेनच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, बसतो. मी, अकोल्याचा प्रकाश आणि परभणीचे भीमरावदादा. दादांचा नियम असा की रोज कोणीतरी एक नवी गोष्ट सांगायची. एखादा शब्द, जुना इतिहास, कुठल्या गावची रीत, काहीही. मी नववीत शाळा सोडली, त्यामुळे ही सुट्टी मला फार आवडते. फक्त माझी पाळी आली की घाम फुटतो.

यंदा तर घाम फुटायला आणखी एक कारण होतं. माझं लग्न ठरलं होतं. कविता उधन्याची. तिच्या घरचे मूळचे आमच्यासारखेच खानदेशी, पण तीन पिढ्या सुरतेत, घरात गुजरातीच चालते. आमचे आबा, म्हणजे वडील, अमळनेरजवळच्या खेड्यात राहतात. साखरपुड्यातच ते म्हणाले होते की पोरगी चांगली आहे, पण या माणसांचं बोलणं मला अर्धंच कळतं. अशा एखाद्या शब्दावरून जमलेलं तुटेल, ही धास्ती मला तेव्हापासून.

*

धास्तीला कारण प्रकाशचा किस्सा. तो नवा आला तेव्हा लूमवरच्या मास्तरनं, म्हणजे मुकादमानं, सांगितलं, काम हवं असेल तर सकाळी खात्यावर ये. प्रकाश अंघोळ करून, पासबुक घेऊन बँकेत जाऊन बसला. इथे लूमच्या कारखान्याला ‘खातं’ म्हणतात हे त्याला कोण सांगणार? दुपारी मास्तरचा चिडून फोन आला, कुठे आहेस?

“खात्यावरच आहे,” प्रकाश म्हणाला, “पण इथे लूम कुठे दिसत नाहीत.”

*

एकदा दादांना इतिहासाचा जोर चढला. मराठ्यांच्या फौजा सुरतेवर कशा आल्या, पेढ्या कशा लुटल्या, हात वर करून सांगू लागले. आजूबाजूला सगळे सुरतीच. एकाचा कप तोंडाजवळच थांबला. प्रकाश दादांचा सदरा ओढत होता, पण दादा ऐकेनात. मग त्यांनाच तो कप दिसला आणि ते मधेच थांबले. मला वाटलं, आता काहीतरी होणार.

रमीलाबेननी गाळणं आपटून साफ केलं आणि दादांच्या चहाच्या कपाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ए लूट तो गई. आ चाना पैसा बाकी छे.”

सगळ्यात मोठ्यानं तो कपवालाच हसला.

*

माझा किस्सा कविताच्या व्हॉइस मेसेजचा. एवढाच होता: “काले फोन करीश.”

मी चार वेळा ऐकला. काल फोन करशील? म्हणजे काल करायला हवा होता, आणि मी केला नाही! प्रकाश म्हणाला, रागावली आहे. दादा म्हणाले, आवाज तर रागाचा वाटत नाही. पण त्या दिवशी माझ्या लूमवर धागा सारखा तुटत राहिला. शेवटी रमीलाबेनना ऐकवला. गुजरातीत ‘काले’ म्हणजे कालही आणि उद्याही, आणि ‘करीश’ म्हणजे मी करीन.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मी “हॅलो” म्हणालो आणि पुढचं सगळं तीच बोलली.

*

आता शेवटचा.

लग्नाला महिना राहिलेला. दुपारी, सुट्टीच्या तोंडावर, चालू लूमवर आबांचा फोन आला.

“लगन मोडी टाकं त्यासनी.”

कविताच्या मामांनी रात्री गावाकडे फोन केला होता. आबांच्या कानावर ‘लगन’ आणि ‘मोडू’ एवढंच आलं. पुढचं न ऐकता त्यांनी फोन ठेवला, साखरपुड्यात मिळालेलं टोपी-उपरणं आणि सूटपीस परत द्यायला पिशवीत भरलं आणि सकाळची गाडी पकडली. गाडी सुरतेजवळ आल्यावर मला एवढं सांगून त्यांचा फोन बंद झाला.

मी लूम बंद करून लारीवर गेलो. माझा चेहरा बघून कोणी चेष्टा केली नाही. रमीलाबेननी विचारलं, मामा नक्की काय म्हणाले? ‘मोडू’, मी म्हणालो. त्यांनी कपाळावर हात मारला.

“अरे, मोडुं एटले लेट! लगनमां मोडुं थशे, एम कह्युं हशे.”

लग्न मोडलं नव्हतं. फक्त लांबलं होतं. प्रकाशनं रिक्षा थांबवली, दादांनी मला आत ढकललं.

उधन्याला पोचलो तर आबा आधीच खुर्चीत बसलेले. पिशवी मामांच्या पायाशी. पाण्याचा पेला तसाच. मामा पुन्हा पुन्हा सांगत होते की हॉल मिळत नाही म्हणून मोडुं, आणि ‘मोडुं’ म्हटलं की आबांची मान आणखी ताठ होत होती. मला सगळं माहीत होतं. पण भरल्या घरात स्वतःच्या बापाला, तुम्ही चुकीचं ऐकलंत, असं कसं म्हणायचं? आबांनी उठण्यासाठी गुडघ्यावर हात टेकला.

तेवढ्यात कविता वाढलेलं ताट घेऊन बाहेर आली. डोक्यावर पदर, नजर खाली. ताट त्यांच्यासमोर ठेवून, हातानं जेवायची खूण करत म्हणाली, “आबा, बहु मोडुं थई गयुं. जमी लो ने.”

आबांनी ताटाकडे पाहिलं, मग भिंतीवर तीन वाजवणाऱ्या घड्याळाकडे, मग मामांकडे. पिशवी पायानं हळूच स्वतःच्या खुर्चीखाली ओढली आणि पाण्याचा पेला उचलला.

“आसं रोजच मोडस का तुमनाकडे?”