पिवळ्या पडद्यांचं माप

दुसऱ्याने घेतलेल्या मापावर कापडाला कात्री लावायची नाही, हा माझ्या धंद्यातला पहिला नियम. तीस वर्षांत तो मी एकदाच मोडला, तोही मोजणीकाकांसाठी. हा माणूस नोकरीभर लोकांच्या जमिनी मोजत हिंडला. त्याने फीत ताणली की भांडणारे भाऊसुद्धा गप्प बसत. त्याला मी काय डोंबल माप शिकवणार?

ते दुकानात आले ते चिठ्ठी घेऊनच. मी म्हटलं, "काका, घरी येऊन मोजते ना मी."

"मापं आहेत," ते म्हणाले. "हिने घेतलेली."

काकूंना जाऊन तीन महिने झाले होते. त्यांनी पडद्यांचं फार मनावर घेतलं होतं, पण दोघांचं रंगावर एकमत होईना. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता राहूनच गेलं. आता काका एकटेच गठ्ठ्यामागून गठ्ठा उलगडायला लावत होते. शेवटी त्यांनी फिकट पिवळ्यावर बोट ठेवलं.

"मला अजिबात आवडत नाही हा रंग," म्हणाले. "हिला हाच हवा होता."

पडदे शिवून मी त्यांच्याकडे गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत ते एकटेच राहायला आले होते. खोकी अजून बांधलेलीच होती. बाहेर काढलेली एक खुर्ची आणि एक कप, एवढाच काय तो संसार. मी दांडी बसवली, पडदा सोडला, तर खाली वीतभर खिडकी उघडीच! वाढत्या पोराच्या विजारीसारखा पडदा वर लोंबत होता.

माझं डोकंच सणकलं. "काका, कुठली मापं ही?"

मी पुढे केलेली चिठ्ठी त्यांनी चष्म्याजवळ नेली. "जुन्या घराची," हळूच म्हणाले. "हे घर तिने बघितलंच कुठे?"

मला रागावताही येईना आणि हसताही येईना. "खाली पट्टी जोडते, कळणारही नाही. पण माप नव्याने घ्यावं लागेल."

ते चिठ्ठीवरच्या आकड्यावरून अंगठा फिरवत राहिले. बायकोने लिहिलेला आकडा त्यांना खोटा पाडायचा नव्हता, एवढं मला दिसत होतं. मग त्यांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. मी स्टुलावर चढून फीत सोडली, तिचं खालचं टोक त्यांनी धरलं.

"ब्याण्णव," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी पेन्सिल शोधत होते.

"परत म्हणायचं असतं, ताई. एकाने आकडा सांगायचा, दुसऱ्याने म्हणून दाखवायचा, मगच लिहायचा. आपलं आपणच बोललेलं धरत नाहीत."

"ब्याण्णव," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा सैल झाला. "हं. लिहा."

दोन्ही खिडक्या एकाच मापाच्या होत्या. ते मला दिसत होतं, मग त्यांच्या नजरेला तर दारातूनच दिसलं असणार. मी फीत गुंडाळायला घेतली, तसे ते घाईघाईने म्हणाले, "आता दुसरी."

मी खाली उतरले आणि स्टूल दुसऱ्या खिडकीखाली सरकवलं.